धूर खाणारा रंग म्हणून साधा पांढरा रंग गळ्यात मारतात, जळगाव-धुळ्याकडच्यांनी सावध राहा

आमच्या नानांचं घर जळगावात हायवेला लागूनच आहे, काकूंना दमा, ट्रकचा धूर आणि धूळ दिवसभर घरात, आणि हेच हेरून एक रंगाचा कॉन्ट्रॅक्टर आला. म्हणे हा टायटॅनियमवाला रंग आहे, धूर पण खातो धूळ पण खातो, रात्रंदिवस काम करतो, काकूंचा पंप सुटेल. मोबाईलवर रोमचं २००३ चं ज्युबिली चर्च दाखवलं, मिलानच्या २०१५ च्या एक्स्पोतली पांढरी इमारत दाखवली, आणि ओसरीवर काचेच्या बरणीत अगरबत्तीचा धूर भरून आत रंग लावलेली फरशी ठेवली, थोड्या वेळाने धूर गायब. अहो बंद बरणीतला धूर तसाही खाली बसतो, रिकाम्या बरणीत करून बघा!

नानांनी रिटायरमेंटच्या पैशातून नेहमीच्या दुप्पट भावाने पैसे दिले. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीला हात लावला की खडूसारखी भुकटी, तर हा फोनवर सांगतो की धूर खाऊन भुकटी पडते, म्हणजे रंग काम करतोय. आमच्या ओळखीच्या पेंटरने उरलेली बादली उघडून बघितली आणि म्हणाला, "नाना, हाऊ ते आपला रोजना रंग शे."

मला राग याचा येतो की वस्तू खोटी नाहीये. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पडला की काय होतं ते दाखवलं, त्यातूनच पुढे हे सगळं आलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो जागा होतो आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोडून त्याचं नायट्रेट करतो, ते डोळ्याला दिसत नाही, पावसाने धुऊन जातं. म्हणजे रात्री काम बंद. आणि धूळ? धूळ तो खातच नाही, उलट आपल्याकडे उन्हाळ्यात भिंतीवर धुळीचा थर बसला की ऊनच आत पोचत नाही, भिंत धुवावी लागते. शिवाय टायटॅनियम डायऑक्साइड साध्या पांढऱ्या रंगात पण असतोच, पण तो रुटाइल जातीचा, त्यावर लेप चढवून मुद्दाम शांत केलेला. हे काम मुख्यतः अनाटेस जातीचं, आणि तो साध्या रंगातला चिकटवणारा भागच खाऊन टाकतो म्हणून चांगल्या मालात सिलिकेटसारखा बाइंडर असतो. रोमच्या चर्चचं तर सिमेंटच तसं आहे, भिंतीवर मारलेला रंग नाही तो.

म्हणून कोणी आलं तर त्याच मालाच्या नावाचा आयएसओ २२१९७-१ चा (उजेडात माल हवेतलं नायट्रिक ऑक्साइड किती काढतो ते मोजणारी चाचणी) टेस्ट रिपोर्ट मागा, झेरॉक्सवर दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर चहा पाजून वाटेला लावा. बिल नीट वाचा, नानांच्या बिलावर फक्त "एक्स्टीरियर व्हाइट" एवढंच लिहिलेलं, तोंडी बोललेलं काहीच नाही. बरं झालं त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि ती बादली ठेवलेली, ते घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, दिलेली रक्कम पाच लाखापर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आधी विचारायचं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. तो आता भुसावळकडे फिरतोय असं ऐकलं, तिकडच्या नातेवाईकांना हे पाठवा.