पन्नासची लेन्स आणि माझे मुंबईतले रविवार

ऑफिस फोर्टला, घर डोंबिवलीला. फोटोग्राफीसाठी माझ्या वाट्याला येतात ते रविवार, सणावाराच्या सुट्ट्या आणि जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास. गेली चार वर्षं या सगळ्या वेळात माझ्या कॅमेऱ्यावर एकच लेन्स चढलेली असते, कॅनन ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम. फोटोवाले तिला नुसतं ‘पन्नास’ म्हणतात, मीही तसंच म्हणते. मुंबईत देवळं, चाळी, जत्रा, प्रदर्शनं फिरत फोटो काढणाऱ्या नोकरदार माणसाने, विशेषतः बाईने, कॅमेरा बदलायच्या आधी ही लेन्स घ्यावी असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वजन १६० ग्रॅम. माझ्या पर्समध्ये डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि कॅमेरा एकत्र मावतात ते हिच्यामुळे. सकाळच्या ८.०४ च्या लोकलला चढताना खांद्यावर काय लटकतंय याचा हिशेब प्रत्येक बाईला करावा लागतो. मोठी झूम लेन्स घेऊन त्या गर्दीत मी कधीच शिरले नसते, आणि मग ऑफिसच्या दिवशी कॅमेरा घरीच राहिला असता.

मुद्द्याची गोष्ट प्रकाशाची. एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडलंय त्याचा आकडा; आकडा लहान, तितकं तोंड मोठं. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते. पन्नास एफ १.८ पर्यंत उघडते. म्हणजे प्रकाश जवळजवळ दहापट जास्त. जिथे पूर्वी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० लावून रवा सांडल्यासारखे फोटो यायचे, तिथे आता ६४० वर भागतं. मुंबईत बघण्यासारखं जे काही आहे त्यातलं निम्मं तरी अंधारात आहे: देवळाचा गाभारा, चाळीचा जिना, संग्रहालयाचे दिवे कमी केलेले दालन, संध्याकाळचा घाट. अशा ठिकाणी फ्लॅश एकतर चालत नाही किंवा शोभत नाही.

बाणगंगेचंच सांगते. वाळकेश्वरला त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी तलावाच्या पायऱ्यांवर पणत्या लागतात, आरती होते, आणि चारही बाजूंनी माणसं दाटीवाटीने उभी असतात. पहिल्या वर्षी मी तिथे गेले तेव्हा लेन्स नवीकोरी नव्हती, पण मला नवीच होती. फोर्टातल्या एका दुकानातून वापरलेली, सहा हजारांना घेतली होती. दुकानदाराने काचेच्या संरक्षणासाठी म्हणून तीनशे रुपयांची एक यूव्ही फिल्टर गळ्यात मारली होती. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना कसलं कोटिंग. दोनशेच्या वर फोटो काढले. रात्री घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघते तर प्रत्येक पणतीचं एक हिरवट भूत फ्रेमच्या समोरच्या कोपऱ्यात उलटं उमटलेलं. उजवीकडे वर ज्योत, की डावीकडे खाली हिरवा ठिपका. काळोख्या पाण्यावर तर ते ठिपके इतके स्पष्ट होते की एकही फोटो आईला दाखवावासा वाटला नाही. सपाट काचेवर आपटून परतणारा प्रकाश होता तो. त्यात लेन्सचा काहीच दोष नव्हता. तीनशे रुपयांच्या त्या काचेने माझी वर्षभर वाट बघितलेली एक संध्याकाळ घालवली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी फिल्टर काढून ठेवली. खालून तिसऱ्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या, हिरवं इरकल, डोक्यावरून पदर. पुढ्यात अकरा पणत्या ओळीने मांडलेल्या आणि वाऱ्याने त्यातल्या दोन सारख्या विझत होत्या. मी विचारलं, “आजी, फोटो काढू का?”

“काढ गं, पण आधी ही वात नीट लागू दे.”

तळहाताचा आडोसा करून त्या वात पुढे सारत होत्या. बोटांना तेल लागलेलं, नखांत हळद, आणि आडोशाच्या आतून ज्योतीचा उजेड थेट हनुवटीवर. मी एफ २ ला होते, शटर एकशेपंचविसांश सेकंद, आयएसओ ८००. वात पेटली, त्यांनी मान वर केली, तेव्हा बटण दाबलं. मागच्या सगळ्या पणत्यांचे गोल गोल सोनेरी ठिपके झाले होते. या लेन्सच्या झडपेला, म्हणजे तिचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या भागाला, सात गोलाकार पाती आहेत, त्यामुळे थोडं बंद केलं तरी ठिपके बऱ्यापैकी गोलच राहतात. आजींनी पडद्यावर फोटो बघितला नि म्हणाल्या, “नाक बाई माझं आईसारखंच आलंय.”

एक काम मात्र तिथे आठवणीने करा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने लावा. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो पणतीचा पिवळेपणा काढून टाकायचा प्रयत्न करतो, आणि मग पणतीचं पणतीपण राहत नाही.

आता हिच्या मर्यादा. हिला झूम नाही, आणि माझ्यासारखा लहान सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारा भाग) कॅमेरा असेल तर पन्नासची चौकट ऐंशी एमएमच्या लेन्सइतकी आवळते. माझी आत्या गिरगावात चाळीत राहते. खोली दहा बाय बारा. पाडव्याच्या सकाळी तिचा उभा फोटो काढायला मी मागे मागे सरकले, पाठ कपाटाला टेकली, तरी आत्या जेमतेम गुडघ्यापर्यंतच मावली. पहिल्यांदा चिडचिड झाली. मग बाहेर गॅलरीत गेले आणि दारातून काढला. दाराची चौकट, उंबऱ्यावरची रांगोळी, आत गुढीला बांधायची साखरेची गाठी सोडवत बसलेली आत्या. खोलीत उभं राहून हा फोटो मला सुचलाच नसता. जवळून काढायचं तर ही लेन्स ३५ सेंटिमीटरपर्यंत जाते. गाठीचा दोरा, त्याला चिकटलेले साखरेचे कण आणि तांब्याच्या कडेवरचा पोचा एवढंच घेऊन एक फोटो काढला. आत्याने तो फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

तरीही, चाळीची अख्खी गॅलरी किंवा सीएसएमटीचा घुमट हवा असेल त्याने ही लेन्स एकटी नेऊ नये. त्यासाठी १८-५५ बरी.

दुसरी मर्यादा शिकायला मला एक शोभायात्रा लागली. गिरगावच्या पाडव्याच्या यात्रेत बुलेटवर बसलेली एक मुलगी, नऊवारी, फेटा, गॉगल कपाळावर. हातभर अंतरावरून मी उत्साहाने एफ १.८ वर फोटो काढला. घरी बघते तर नथीतला एकेक मोती मोजता येतोय आणि डोळे धूसर. एक मीटर अंतरावर एफ १.८ ला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. नाकापासून डोळ्यापर्यंतचं अंतर तेवढंच. तेव्हापासून माणसांसाठी मी एक फोकस बिंदू निवडते आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवते. दोन माणसं असली तर एफ २.८, चार असली तर एफ ४. भर उन्हात लेन्स पूर्ण उघडायचा हट्ट धरायची गरजच नसते.

हिला हात हलला तर सावरणारी यंत्रणा नाही, त्यामुळे लहान सेन्सरवर शंभरांश सेकंदापेक्षा संथ शटर मी ठेवत नाही. पावसापासूनही संरक्षण नाही. जुलैत मी ती बाहेर काढते ती फक्त छताखाली.

जेवणाच्या सुट्टीत माझा रस्ता ठरलेला आहे, काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या टेरेस गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं लागतात, आत जायला पैसे नाहीत, आणि अनेकदा फोटोग्राफर स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. विचारलं तर सांगतात, मनापासून सांगतात. एफ म्हणजे काय, छपाईचा कागद कोणता, त्या दिवशी किती वाजता उठलो, सगळं. फोटोचा फोटो मात्र न विचारता काढू नये. खाली आधी समोवार हे कॅफे होतं. ही लेन्स बाजारात आली ती २०१५ मध्ये, आणि समोवार बंद झालं तेही त्याच वर्षी. त्या लांबट जागेतल्या वेताच्या खुर्च्या या लेन्सने काढायच्या राहिल्या, ही रुखरुख मला आहे. वेळ जास्त असेल त्या दिवशी नरिमन पॉइंटला एनसीपीएची पिरामल गॅलरी गाठते. तीही मुळात फोटोंसाठीच उभारलेली.

भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं या लेन्सशी विशेष जमतं. १८७२ ची इमारत, सोनेरी नक्षीचे खांब, वरून झिरपणारा मऊ उजेड. माणसांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती काचेच्या कपाटात आहेत, त्यांचे फोटो घ्यायचे तर लेन्स काचेच्या शक्य तितकी जवळ न्यावी, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब येत नाही. मला तिथे गेलं की वेगळंच वाटतं, कारण डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी दोघेही मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत होते, आणि ती सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. इतक्या लवकर, याच शहरात, आपल्या माणसांनी काचेच्या प्लेटा आणि रसायनं हाताळत फोटो काढले. समोरच्या माणसाला सेकंदामागून सेकंद निश्चल बसावं लागत असे. माझं एकशेपंचविसांश सेकंदात होतं ते त्यांनी केवढ्या खटाटोपाने केलं असेल!

वापरलेली घेणार असाल तर दोन गोष्टी बघून घ्या. याच कंपनीची १९९० ची जुनी आवृत्तीही बाजारात खूप फिरते. तिचा कॅमेऱ्याला बसणारा मागचा गोल प्लास्टिकचा आहे, नवीचा धातूचा. जुनी ४५ सेंटिमीटरच्या आत जात नाही आणि तिच्या झडपेला पाचच पाती असल्याने मागचे दिवे पंचकोनी दिसतात. दुसरं, मोबाइलचा टॉर्च मागून लावून काचेतून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. आपल्या दमट हवेत चांगल्या लेन्सलाही ती धरते. मी माझी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याचा भुसा काचेवर बसतो.

कॅननचा नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर त्याच्यासाठी आरएफ मालिकेतली वेगळी पन्नास आहे, २०२० ची. ही ईएफ अडॅप्टर लावून तिथेही चालते.

फिल्टरऐवजी हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं, घ्या. तो लेन्ससोबत येत नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो, नंबर ईएस-६८. गर्दीत काचेला कोणाचा कोपर लागत नाही आणि बाजूचा उजेडही अडतो. आणि त्रिपुरी पौर्णिमेला बाणगंगेला जाणार असाल तर साडेपाचच्या आत पोचा, नंतर खालच्या पायऱ्यांवर जागा राहत नाही. पायऱ्यांवर तेल सांडलेलं असतं, चपला जपून टाका.