तिसरी की कालव?

दोघंही खायचे शिंपले. दोघांनाही दोन शिंपा, दोघंही पाणी गाळून जगतात. पण स्वभाव अगदी उलटे. तिसरी खाडीच्या वाळूत राहते. मांसल पाय खुपसत ती आत शिरते आणि दोन बारीक नळ्या तेवढ्या वर ठेवते. कालव लहानपणीच डावी शिंप खडकाला चिकटवतं, की जन्मभर तिथंच. मग पाय हवाय कशाला? तो नाहीसाच होतो.

म्हणून तिसरीच्या दोन्ही शिंपा सारख्या. कालवाची खालची खोलगट, वरची चपटी, कडा ब्लेडसारख्या. ओहोटीला खडकांवर अनवाणी गेलात तर कळेलच.

वाळूतली तिसरीची शिंप उचलून बघा. कधीकधी ड्रिलनं पाडल्यासारखं गोल, नेटकं भोक दिसतं. ते शिकारी समुद्री गोगलगायीचं काम: आम्लानं शिंप मऊ करायची, खरखरीत जिभेनं कोरायची, आतलं मांस फस्त.

स्वयंपाकात माझा कौल तिसऱ्यांना. विळीवर उघडल्या, मांस एका शिंपेत ठेवलं, की एकशिपी. कालवं चवीला सरस असतीलही, पण ती फोडणाऱ्या बाईचे हात पाहिले की घासाघीस करवत नाही.