बोटुकली सोडावी की कोंड राखावा?

सह्याद्रीतील एखाद्या नदीकाठच्या गावाने महाशीर हा गोड्या पाण्यातला मोठा मासा परत आणायचे मनावर घेतले की ग्रामसभेत बहुधा दोनच सूचना पुढे येतात. एक म्हणजे बीजकेंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून पात्रात सोडावी आणि दुसरी म्हणजे नदीतला एखादा कोंड, म्हणजे खोल डोह, राखीव ठेवून तिथली मासेमारी बंद करावी. दोन्हींना खर्च येतो. पहिलीला पैशांचा, तर दुसरीला गावातल्या वाईटपणाचा.

बीज सोडण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम दाखला लोणावळ्याचा आहे. टाटांच्या वीज कंपनीने तिथे वळवण तलावाच्या आश्रयाने १९७०च्या दशकापासून महाशीरचे कृत्रिम प्रजनन केले आणि पुढे अनेक राज्यांना बीज पुरवले. हे काम नाजूक असते. कटला-रोहूच्या मानाने महाशीरची मादी अंडी थोडी घालते, पण ती आकाराने मोठी असून तळाशी बसतात. नदीत वरून गाळ आला की ती खड्यांतच गुदमरतात. बीजकेंद्रात तीच अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरून ठेवतात आणि पांढरी पडलेली, म्हणजे मेलेली अंडी एकेक करून वेचून काढतात, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांना धरते. तीन-चार दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि उजेड टाळत ट्रेच्या कोपऱ्यात गोळा होऊन पडून राहतात.

मात्र याच यशाची दुसरी बाजू कावेरीत दिसली. पन्नास किलोंपलीकडे वाढू शकणारा तिथला मूळचा महाशीर, टॉर रेमादेवी, वेगळ्या जातीचा. तरीही त्या नदीत लोणावळ्याच्या निळसर परांच्या महाशीरचे, म्हणजे टॉर खुद्रीचे, बीज सोडले गेले. गळाने मासे धरून पुन्हा सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा सोडलेली जात वाढत गेलेली आणि मूळची जवळजवळ दिसेनाशी झालेली आढळली. २०१८ मध्ये या मूळच्या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. म्हणून ‘महाशीरचे बीज’ एवढ्या माहितीवर गावाने समाधान मानू नये. टॉर खुद्रीचे वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले, तेव्हा भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात ती घरचीच आहे. पण एका खोऱ्यातले बीज घाट ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात नेण्याआधी तिथला मूळचा मासा कोणता, हे जाणकाराकडून ओळखून घ्यायलाच हवे.

कोंड राखण्यात ही जोखीम मुळातच नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी कोणी मासे धरत नाही. कुरमुरे टाकताच काळसर पाठी पृष्ठभागावर येऊन भिडतात. पण श्रद्धेचे राज्य काठापुरतेच चालते. देहू-आळंदीच्या माशांनाही देवाचा आधार होता. इंद्रायणीत वरून येणारे सांडपाणी त्याने अडले नाही. शिवाय कोंड मोठ्या माशांना उन्हाळ्यात जगवतो, अंडी मात्र ते पावसाळ्यात वरच्या उथळ, खडकाळ पाण्यात घालतात. वलगणीला, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध, चढणारे मासे गावकऱ्यांनीच ओढ्यात गाठले, किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यातही तसेच अडकून राहिले, तर कोंडातले मासे नुसते म्हातारे होत राहतील.

माझे मत कोंडाच्या बाजूने आहे, निदान जिथे मोठे मासे अजून दिसतात तिथे. पहिली दोन-तीन वर्षे फक्त राखण करावी, सुरुंग आणि विजेची मासेमारी थांबवावी आणि पावसाळ्यानंतर उथळ पाण्यात पिल्ले दिसतात का, ते पाहावे. दिसली, तर बीज आणण्याचे कारणच उरत नाही. जुन्या भोयांच्याही आठवणीत महाशीर उरला नसेल आणि तो संपण्याचे कारण दूर झाले असेल, तरच त्याच खोऱ्यातल्या नर-माद्यांपासून तयार केलेले बीज मागवावे. धरणाच्या जलाशयाची गोष्ट निराळी. तिथे वर वाहता ओढा नसेल, तर सोडलेली बोटुकली वाढेल आणि जाळ्यातही येईल, पण दर काही वर्षांनी नवे बीज विकत आणावे लागेल. त्याला मत्स्यव्यवसाय म्हणावे, पुनर्वसन नव्हे.