चारशे रुपयांची पाचर : थारला पुढे सॉलिड एक्सेल बसवून चौदा महिने

गेल्या रविवारी पौडच्या शेतावर ओढ्यातून माझी महिंद्राची थार वर काढत होतो. पुढून खट् असा आवाज आला आणि स्टीअरिंग एकदम डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघतो तर डावं चाक उजव्यापेक्षा दोन बोटं मागे सरकलेलं. पाट्याचा (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट, म्हणजे पट्ट्या एकत्र धरून एक्सेल जागेवर ठेवणारा मधला बोल्ट, तुटला होता. पाटा आणि एक्सेलमध्ये एक्सेलचा कोन बदलायला घातलेली ॲल्युमिनियमची पाचर मधोमध चिरली होती आणि तिच्या कडेला चुलीतल्या राखेसारखी करडी भुकटी साचली होती. बोल्टाचा तुकडा पुसून उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, गंजलेला, उरलेला निम्मा चकचकीत. म्हणजे तो त्या दिवशी तुटलेला नव्हता. कित्येक आठवडे अर्धवट तुटूनच चालत होता, आणि मी त्याच गाडीत पुतण्याला शेजारी बसवून चढ चढत होतो.

म्हणून चौदा महिन्यांपूर्वी या गाडीला पुढे सॉलिड एक्सेल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारं एकसंध एक्सेल, बसवल्याचा अनुभव आज लिहायला बसलोय. पाचरीवर जास्त लिहिणार आहे, कारण बाकीच्या कामाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, पाचरीबद्दल मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं.

गाडी २०१३ची थार सीआरडीई. मूळची पुढे टॉर्शन बारचं (पिळणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगचं) इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं, आणि मागे पाटे. एकाच पावसाळ्यात पुढचा सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला शक्ती पोचवणारा सांधा) दोनदा गेला. दुसऱ्या वेळी वर्कशॉपमध्ये नुसता जॉइंट द्यायला साफ नकार. अख्खा शाफ्टच घ्या, तोही तीन आठवड्यांनी येईल, पैसे आधी भरा. काउंटरवर अर्धा तास भांडलो. वैतागून बाहेर आलो आणि भोसरीच्या मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "दादा, जुन्या जीपचं एक्सेल टाकू. आयुष्यात जॉइंटचं नाव काढणार नाही." खर्चाचा अंदाज पंचावन्न हजार.

पूर्ण खर्च एक लाख चार हजार झाला. एक्सेल स्वस्त मिळालं. कुदळवाडीत भंगारवाल्याकडून पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) आणि हबसकट चोवीस हजारांत उचललं. (तिथली गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडली, त्यामुळे तो पत्ता आता कामाचा नाही.) पैसे गेले ते पुढे. एक्सेलमधली क्राऊन-पिनियन ही गिअरची जोडी उघडून दात मोजले तर ४३ आणि ८, म्हणजे रेशो ५.३८. मागच्या एक्सेलशी तो जुळत नव्हता. पुढे-मागे वेगळा रेशो ठेवून फोर बाय फोर टाकलं की दोन्ही एक्सेल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचा (पुढे-मागे शक्ती वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) जीव जातो. जुना जुळणारा सेट शोधून बसवायला तेरा हजार. पाट्यांच्या ब्रॅकेटला जाड पत्रा कापून चासीला वेल्डिंग, सोळा हजार. स्टीअरिंगचा तर मी विचारच केला नव्हता. इंडिपेंडंटचा स्टीअरिंग रॅक सॉलिड एक्सेलवर चालत नाही, वेगळा स्टीअरिंग बॉक्स लागतो. जुना पॉवर स्टीअरिंग बॉक्स, त्याचं ब्रॅकेट आणि ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) मिळून साडेबावीस हजार. बाकी प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सेलला फिरवणारा दांडा), ब्रेकचे होज, शॉकॲब्सॉर्बर, किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खुंटाची) बेअरिंगं. स्वस्तात करायचं असेल तर आधी स्टीअरिंगचे पैसे बाजूला काढा, एक्सेलचा भाव त्यानंतर विचारा.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून काम संपल्यावर गाडी भोसरीहून टोइंगच्या ट्रकवर चढवली आणि मामेभावाच्या शेतावर कायमची नेऊन ठेवली. ती सार्वजनिक रस्त्यावर येत नाही. तुमच्याकडे अशी जागा नसेल तर या भानगडीत पडू नका, मी मनापासून सांगतोय.

आता चालवण्याबद्दल. पहिले दोन महिने मी नाराज होतो. पाटे इतके कडक की दगडावर गाडी वाकायच्या ऐवजी उडायची. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पैसे वाया गेले असंच म्हणालो असतो. मग मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे कमी केले. पुढचा भाग दोन बोटं बसला, आणि न ठरवता आणखी एक फायदा झाला. ड्रॅग लिंक जवळजवळ आडवी झाली. आधी ती तिरकी होती, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंग आपोआप फिरायचं. ते जवळपास थांबलं.

पावसाळ्यात मत पूर्ण बदललं. भातलावणीच्या दिवसांत मुळशीकडचा लाल चिखल आणि त्यातून डोकं काढणारे काळे दगड ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल. डावं चाक दगडावर चढलं की तेच एक्सेल उजवं चाक खाली दाबतं, दोन्ही चाकं जमीन सोडत नाहीत. पूर्वी अशा जागी एक चाक हवेत भिरभिरायचं. शिवाय इंडिपेंडंटमध्ये गाडी दबली की पोटाखालची जागाही कमी होते. इथे चाक वर गेलं तरी डिफरेंशियल (एक्सेलच्या मधला गिअरचा गोळा) चाकांबरोबरच राहतं, त्यामुळे दगड कुठून घ्यायचा हे डोळ्यांनी मोजता येतं. चौदा महिन्यांत पुढचा एकही जॉइंट गेला नाही. त्या बाबतीत मिस्त्रींचा शब्द खरा ठरला.

मग पाचर कशाला आली? शेतापर्यंत प्लॉटिंगचा दीड किलोमीटर खासगी डांबरी रस्ता आहे. तिथे ताशी चाळीसच्या आसपास स्टीअरिंग थरथरायला लागायचं, इतकं की हात सुन्न व्हायचे, आणि वळण संपलं तरी ते स्वतःहून सरळ होत नसे. आधी किंगपिनच्या बेअरिंगचा संशय घेतला. टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून पाहिलं, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलून बेअरिंगं घट्ट केली. थरथर कमी झाली, गेली नाही. शेवटी नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) अंशमापक ठेवला तर कॅस्टर, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कल, जेमतेम अर्धा अंश. अशा जीपला तो तीनच्या आसपास हवा.

एक्सेलवर पाट्याच्या बैठका वेल्ड करताना गाडी जॅकवर होती, अंश कोणी मोजलाच नव्हता. एकदा वेल्ड झालं की ते तोडायला पुन्हा सगळं उतरवावं लागतं. म्हणून पाचर. एक्सेल अडीच अंश मागे फिरवायचं, की नकलचं डोकं मागे कलतं आणि स्टीअरिंग सरळ यायला लागतं. पाटा एक्सेलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे येते, खाली असेल तर पुढे. उलटी घातली तर आहे तो कॅस्टरही जातो. एक तोटा आहे. एक्सेल फिरलं की पिनियनचं नाक खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. लो रेंजमध्ये (हळू चालायच्या जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) फरक पडत नाही, हाय रेंजमध्ये पायाखाली घरघर जाणवते. दोन्ही कोन बरोबर हवे असतील तर नकल कापून फिरवूनच वेल्ड करावे लागतात, आणि ते काम अंदाजाने करणाऱ्याकडे देऊ नये.

नाना पेठेत ॲल्युमिनियमची जोडी चारशेला मिळाली. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "दादा, यू बोल्टच्या (पाटा एक्सेलशी आवळणाऱ्या बोल्टच्या) दाबाखाली हे चुरतं. लोखंडाची लेथवर बनवून घ्या, अठराशे लागतील." एक लाखाच्या वर खर्च झाला होता आणि मला ते चौदाशे रुपये फार वाटले. सरळ नाही म्हणालो. गाडी मात्र त्या दिवसापासून सुंदर चालायला लागली, थरथर बंद, स्टीअरिंग हात सोडला की सरळ. त्यामुळे माझा पाचरीवर विश्वास बसला. ॲल्युमिनियम मऊ. रोज थोडं दबत गेलं, यू बोल्ट सैल पडले, एक्सेल पाट्यावर सरकायला लागलं आणि सगळा भार त्या एका सेंटर बोल्टवर आला. मी यू बोल्टना महिनोन् महिने पाना लावला नव्हता. वर मी खर्चाचं गाऱ्हाणं मांडलंय, पण या वेळची चूक पैशांची नाही, माझीच आहे.

यापुढे कोणी हे काम करणार असेल तर बैठका आधी नुसत्या टॅक (तात्पुरत्या वेल्डच्या ठिपक्यांनी पक्क्या) करून घ्या. इंजिन, बंपर, विंच, सगळं वजन गाडीवर ठेवा, ती चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा हलवून बसू द्या, अंश मोजा, आणि मगच पूर्ण वेल्ड मारा. पाचर लागलीच तर लोखंडाची. यू बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, आणि पावसाळ्याआधी एकदा.

काल भोसरीत लेथवाल्याकडे मोजमाप देऊन आलो. पाटा पावणेदोन इंची, पाचर अडीच अंश, मध्ये सेंटर बोल्टच्या डोक्यासाठी भोक. अठराशेचे आता बावीसशे झालेत, घासाघीस केली नाही. सेंटर बोल्ट १०.९ ग्रेडचे घेतलेत, यू बोल्ट चारही नवे. मिस्त्री शनिवारी सकाळी शेतावर येणार आहेत, तोवर गाडी ओढ्याच्या काठावर ठोकळ्यांवर उभी आहे.