इंकटोबरची शब्दयादी: शाईने काढायची ३१ चित्रे

अमेरिकी चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ साली सुरू केलेल्या इंकटोबर या उपक्रमाच्या यादीत ऑक्टोबरच्या प्रत्येक दिवसासाठी एक शब्द असतो आणि त्यावर शाईने चित्र काढायचे असते. शब्द वाचताच सुचणारी पहिली कल्पना बहुधा इतरांनाही सुचलेली असते, म्हणून मी आधी काडेपेटीएवढ्या पाच-सहा चौकटींत कच्ची रेखाटने करतो. शब्द मराठीत आणला, तर अर्थाला अनपेक्षित फाटे फुटतात. २०१९च्या यादीतल्या ‘रिंग’चे ‘कडे’ केले, तेव्हा हातातल्या दागिन्याबरोबर सह्याद्रीचे कडेही डोळ्यांपुढे उभे राहिले (शाळेतल्या व्याकरणाचा असा उपयोग होईल, असे वाटले नव्हते). रोज जमत नसल्यास आठवड्याला एकच चित्र काढण्याची मुभा आहे, आणि नोकरदारांना मी तीच सुचवेन.