दाब-व्हॅक्यूम हातपंप: जुन्या चेनसॉवर काही महिने वापरल्यानंतर

जुनी चेनसॉ हातात आली की बहुतेक जण आधी कार्बोरेटर उघडतात. किट बदलतात, जेट साफ करतात, तरी आयडलिंग टिकत नाही. मग नवा प्लग येतो, कॉइल येते, आणि एक दिवस सायलेन्सर काढल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात. इंजिन बाहेरून हवा घेतंय का, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. ते पाहण्याचं साधन म्हणजे दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही देणारा हातपंप. जुन्या करवतींच्या कामात काही महिने वापरल्यानंतर मत स्पष्ट आहे: कॉम्प्रेशन गेज, टॅकोमीटर, अल्ट्रासॉनिक क्लीनर या सगळ्यांच्या आधी हा पंप घ्यावा.

विकत घेताना एक गोष्ट नक्की पाहा. ब्रेकमधली हवा काढायला मिळणारे स्वस्त पंप फक्त व्हॅक्यूम देतात, आपल्याला उलटसुलट दोन्ही चालणारा हवा. बॉडी धातूची असावी. प्लॅस्टिक बॉडीच्या पंपात नळीचा निपल काही आठवड्यांत सैल होतो आणि मग गळती इंजिनात आहे की पंपात, हेच कळेनासं होतं. गेजवर शून्य ते १ बार एवढीच पट्टी असेल तर उत्तम, कारण काम ०.५ आणि ०.८ बारवर चालतं. ४ बारपर्यंतच्या गेजवर ०.५ बारचा काटा हलला की नाही, हे नजरेला समजत नाही. रोज काम सुरू करण्याआधी नळीचं टोक बोटाने बंद करून पंप मारून पाहायचा. चढलेला काटा तिथेच थांबला पाहिजे.

पंपासोबत येणाऱ्या रबरी शंकूंचा या कामात फारसा उपयोग नाही, ते दाबाने सटकतात. त्याऐवजी ५-६ मिमी जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीतून कार्बोरेटरच्या फ्लँजला बसेल अशी प्लेट कापावी, दोन स्टडची भोकं पाडावीत, मध्ये पंपाच्या नळीसाठी निपल बसवावा आणि खाली ३ मिमी रबराची चादर घालावी. एक्झॉस्टसाठी सायकलच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा सायलेन्सरखाली ठेवून सायलेन्सरच कसला तरी पुरतं. मात्र जुन्या करवतींच्या एक्झॉस्टच्या तोंडावर काजळीचा थर असतो. तो लाकडी पट्टीने खरवडून काढल्याशिवाय रबर नीट बसत नाही. आधी पिस्टन वर घेऊन पोर्ट झाकावा, नाहीतर काजळी आत पडते.

प्लगच्या भोकातून चाचणी घ्यायची असेल तर अडॅप्टरचे आटे मोजा. जुन्या चेनसॉच्या बऱ्याच प्लगना १४ मिमी व्यासाचे आणि ९.५ मिमी लांबीचेच आटे असतात. मोटारसायकलच्या लांब प्लगसाठीचा १९ मिमीचा अडॅप्टर घातला तर तो आत डोकावतो, आणि क्रँक फिरवला की पिस्टनच्या डोक्यावर आदळतो.

आता मुख्य चाचणी. श्टील ०४१ सारख्या पिस्टन-पोर्ट इंजिनात, म्हणजे जिथे पिस्टनच इनटेकचं दार उघडतो आणि बंद करतो तिथे, पद्धत सोपी आहे. एक्झॉस्ट बंद करा, प्लग घट्ट लावा, डीकॉम्प्रेशन व्हाल्व (दोरी ओढताना सिलिंडरचा दाब सोडणारा) असेल तर तो बंद ठेवा, पिस्टन टॉप डेड सेंटरला, म्हणजे अगदी वर, आणा, इनटेकवर प्लेट कसा. पिस्टन वर असताना इनटेक थेट क्रँककेसमध्ये उघडतो, त्यामुळे दाब सरळ सील आणि गॅस्केटपर्यंत पोचतो. फ्लँजजवळ इम्पल्सचं, म्हणजे क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पेट्रोल पंपाला पोचवणारं, बारीक भोक असतं. ते प्लेटखाली झाकलं गेलंय ना, हे पाहा. इम्पल्सची नळी वेगळी असेल तर तिला चिमटा लावा. मग ०.५ बार दाब द्या. २० सेकंद काटा हलला नाही तर पहिली परीक्षा पास. यापेक्षा जास्त दाब देण्यात काही हशील नाही, उलट चांगलं सील जागेवरून सरकण्याची भीती.

इथेच थांबणारे बरेच असतात आणि फसतात. ऑइल सीलची ओठासारखी कड इंजिनाच्या आतल्या बाजूला वळलेली असते. आतून दाब आला की ती शाफ्टवर आणखी घट्ट बसते. त्यामुळे कडक झालेलं, झिजलेलं सीलसुद्धा दाबाच्या चाचणीत साळसूदपणे पास होतं. व्हॅक्यूम दिला की तीच कड शाफ्टपासून सुटते आणि गळती उघडी पडते. म्हणून दुसरी चाचणी ०.५ बार व्हॅक्यूमची. श्टीलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला निकष असा: २० सेकंदांत काटा ०.३ बारपर्यंतच उतरला तर सील चांगली समजायची. त्याखाली गेला तर बदलायची. व्हॅक्यूम देताना क्रँक हळूच पुढे-मागे हलवावा. शाफ्टला खाच पडलेली असेल तर एका जागी सील धरतं आणि थोडं फिरवलं की सोडतं. बेअरिंगमध्ये खेळ असला तरी हेच होतं, आणि तेव्हा नुसतं सील बदलून भागत नाही.

गळती नेमकी कुठे आहे, हे शोधायला पुन्हा दाब द्यायचा आणि साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. आधी सिलिंडरच्या बुडाची गॅस्केट, मग क्रँककेसचा जोड, मग इनटेकचं रबर, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधला ठोकळा, डीकॉम्प्रेशन व्हाल्व, आणि शेवटी फ्लायव्हील व क्लच काढून दोन्ही सील. हा ठोकळा अनेक मॉडेलमध्ये बॅकेलाइटसारख्या कडक पदार्थाचा असतो आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाकतो. काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर त्याची दोन्ही तोंडं घासून सपाट करता येतात. व्हॅक्यूममध्ये काटा पडतोय पण दाबात बुडबुडा कुठेच नाही, असं झालं की बोट बहुतेक सीलकडेच जातं.

कोणत्या बाजूचं सील गेलंय, त्यावर लक्षणं बदलतात. क्लचच्या बाजूला अनेकदा ऑइल पंप असतो. तिथलं सील गेलं की इंजिन चेन ऑइल ओढतं आणि निळसर धूर देतं. माणूस पेट्रोलमध्ये तेल जास्त झालं समजतो. फ्लायव्हीलच्या बाजूचं सील गेलं की धूर नाही, डाग नाही, नुसती हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पिस्टन खाणारं सील हेच. रेस सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता लोंबकळत राहणं, ही त्याची ओळख. शिवाय पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांच्या, जुन्या इग्निशनमध्ये पॉइंट अनेकदा फ्लायव्हीलखाली, म्हणजे सीलच्या शेजारीच बसलेले असतात. गळक्या सीलमधून तेलाचा फवारा पॉइंटवर बसतो आणि ठिणगी मंदावते. अशा वेळी पॉइंट साफ करून ०.३५ ते ०.४ मिमी अंतर लावलं की करवत काही दिवस चालते आणि पुन्हा रुसते. कंडेन्सर बिचारा उगीच बदलला जातो.

होमलाइट एक्सएल-१२ किंवा मॅककुलक १०-१० यांसारख्या अमेरिकन करवतींत रीड व्हाल्व, म्हणजे इनटेकवर एकाच दिशेने उघडणारी पातळ पाती, असतो आणि तिथे नेहमीची पद्धत अर्धवट ठरते. रीडची पाती क्रँककेसच्या दिशेने उघडतात. प्लगच्या भोकातून, पिस्टन खाली घेऊन दाब दिला तर पाती बंद होतात आणि रीडच्या पलीकडचे जोड, म्हणजे कार्बोरेटर आणि रीड ब्लॉक यांमधली गॅस्केट, चाचणीतून पूर्ण सुटतात. म्हणून दाब इनटेकच्या फ्लँजवरून द्यायचा आणि व्हॅक्यूम प्लगच्या भोकातून. व्हॅक्यूमला पाती उघडतात आणि सगळं इंजिन एकत्र तपासलं जातं. रीड स्वतः नीट बसतोय का, हे डोळ्यांनीच पाहावं: पातीखालून उजेड दिसला किंवा टोकाला चीर असली तर बदलावी. पात उलटी लावून काम भागवण्याचा सल्ला ऐकू येतो. तुटलेल्या पातीचा तुकडा सिलिंडरमध्ये गेला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

सील बदलण्याबद्दल थोडं तपशिलात. फ्लायव्हील आणि क्लच सोडवताना पिस्टन अडवायला धातूचा स्टॉप न वापरता सुती दोरी घालावी. आधी पिस्टन एक्झॉस्ट पोर्टच्या वर आला पाहिजे, नाहीतर दोरी पोर्टमध्ये अडकून कापली जाते आणि रिंगही दुखावते. क्लचला बहुतेक ठिकाणी उलटे आटे असतात, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. सीलच्या तोंडावर आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. त्या मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात मिळतं, मूळ पार्ट नंबरच्या मागे धावायची गरज नसते. नेहमीचं नायट्राइल चालतं, पण व्हायटॉन घेतलेलं बरं. शाफ्टवरच्या खाचेच्या आणि पायरीच्या कडांवर पातळ टेप गुंडाळावी, कडेला तेल लावावं, स्प्रिंगची बाजू आत. शाफ्टवर जुन्या सीलची चर दिसत असेल तर नवं सील पूर्ण तळाशी न ठोकता साधारण १ मिमी वर ठेवावं. कड कोऱ्या जागेवर फिरते आणि शाफ्ट वाचतो. महिन्यांनंतर पुन्हा तपासताना अशा पद्धतीने बसवलेली सील व्हॅक्यूम धरून आहेत. चरीवरच बसवलेली आधी ढिली पडतात.

क्रँककेस उघडावाच लागला तर जोडाला साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने ते फुगतं आणि सुटतं. पेट्रोल सहन करणारं सीलंट पातळ थरात लावावं. केस बहुधा मॅग्नेशियमची असते. जुनी गॅस्केट स्टीलच्या पात्याने खरवडली तर ओरखडा पडतो आणि गळतीची नवी वाट तयार होते. प्लॅस्टिकचं स्क्रेपर आणि थोडा धीर. मॅग्नेशियमला आम्लाने धुवायचं नाही, आणि ग्राइंडरचा भुसा साठू द्यायचा नाही, तो पेटतो आणि पाण्याने विझत नाही.

याच पंपाचा दुसरा उपयोग कार्बोरेटरवर. पेट्रोलच्या निपलला नळी जोडून ०.८ बार द्यायचा, काटा थांबला पाहिजे. उतरला तर कार्बोरेटर पेट्रोलच्या भांड्यात बुडवा. बुडबुडे कुठून येतात त्यावरून निडल (पेट्रोल आत सोडणारी सुई) गळतेय की पंपाच्या बाजूची गॅस्केट, ते दिसतं. निडलच्या जागेत कचरा असेल तर कापसाच्या काडीने पुसावा, तारेने टोचू नये. जुन्या टिलॉटसन एचएल आणि एचएस कार्बोरेटरमध्ये निडल हलवणारा लिव्हर चेंबरच्या तळाशी समपातळीत हवा. तो वर राहिला की पेट्रोल वाहतं, खाली गेला की इंजिन उपाशी. मीटरिंगच्या, म्हणजे या लिव्हरच्या, बाजूला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम (लवचीक पडदा). पंपाच्या बाजूचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो, म्हणून खोलतानाच फोटो काढून ठेवा.

टाकीसाठीही हा पंप उपयोगी आहे. दहा मिनिटं चालून बंद पडणारी आणि झाकण सैल केल्यावर पुन्हा चालणारी करवत असेल तर टाकीत व्हॅक्यूम देऊन पाहा. हवा आत यायलाच हवी. नाही आली तर श्वासाचा व्हाल्व तुंबलाय.

आता मर्यादा. चाचणी थंड इंजिनावर होते, आणि काही गळत्या गरम झाल्यावरच उघडतात. त्यामुळे सगळं पास असूनही वीस मिनिटांनी आयडलिंग वाढत असेल तर इंजिन गरम असतानाच घाईने व्हॅक्यूम देऊन पाहावा, हातमोजे घालून. रिंग आणि सिलिंडरची अवस्था हा पंप सांगत नाही, तिथे कॉम्प्रेशन गेजच लागतं. त्यातही व्हाल्व नळीच्या प्लगकडच्या टोकाला असलेलं गेज घ्यावं. छोट्या इंजिनात नळीतली जागासुद्धा आकडा खाली खेचते. सिलिंडरवर पिस्टनचं अॅल्युमिनियम चिकटलं असेल तर सगळेच आम्ल सुचवतात, पण जुन्या करवतींत क्रोमचा थर सर्रास असतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम खातं. कॉस्टिक सोडा क्रोमला सोडतो. मात्र पोर्टच्या उघड्या अॅल्युमिनियमला तोही सोडत नाही, म्हणून बोळ्याने फक्त डागावरच लावायचा, हातमोजे आणि गॉगल घालूनच.

गळती बंद झाल्यावर जुना स्क्रूचा अंदाज विसरा. हवा आत येत असताना कुणीतरी कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) दीड-दोन फेरे उघडून ठेवलेला असतो. एच आणि एल (आयडलचा) हे दोन्ही स्क्रू एक फेरा उघडून नव्याने सुरुवात करा. पूर्ण रेसवर विनाभार थोडा फडफडता आवाज हवा, आणि लाकडात शिरल्यावर तो स्वच्छ झाला पाहिजे. टाकीवर पेट्रोल-तेलाचं प्रमाण १६:१ लिहिलेलं असतं ते जुन्या मोटर ऑइलसाठी. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक तेलाने ३२:१, म्हणजे लिटरला ३१ मिली, पुरतं. प्रमाण बदललं की ट्यूनिंगही पुन्हा करा, कारण तेल कमी झालं की त्याच जेटमधून पेट्रोल जास्त जातं.

पंपाची स्वतःची देखभाल थोडीच आहे. पेट्रोलची वाफ आतल्या रबराला कडक करते, म्हणून कार्बोरेटरच्या चाचणीनंतर कोरड्या हवेत काही वेळा मारून नळी सोडून ठेवावी. पिस्टनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा थेंब. नळी टोकाला सैल झाली की १ सेंमी कापून पुन्हा चढवायची, म्हणून मुळातच जरा लांब नळी घ्यावी.