फिग्मा: क्लायंटचे बदल गोळा करायला उत्तम, छपाईला नको

चॅटवर आलेला स्क्रीनशॉट, त्यावर लाल गोल आणि खाली ‘हे जरा उठावदार करा’. कुठल्या व्हर्जनवरचा गोल, हे शोधण्यातच अर्धा तास जातो. एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरची ही कटकट फिग्मा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर, बरीच कमी करतं. क्लायंटला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, फॉन्टही लागत नाहीत. ब्राउझरमध्ये लिंक उघडली की ‘सी’ दाबून हवं तिथे पिन टोचायची आणि लिहायचं. पाहण्यापुरता अ‍ॅक्सेस असला तरी कॉमेंट करता येते. फक्त त्यासाठी लॉगिन लागतं आणि बरेच क्लायंट तिथेच अडखळतात. लिंकसोबत दोन ओळींची सूचना पाठवलेली बरी.

एक पिन, एक बदल, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. एकाच पिनमध्ये सहा मागण्या आल्या की पाच पूर्ण होऊनही ती ‘रिझॉल्व्ह’ (काम झालं अशी खूण) करता येत नाही. झालेली कॉमेंट डिलीट मात्र करू नका. रिझॉल्व्ह केलेली कॉमेंट नंतर पुन्हा काढून पाहता येते. ‘हा तिसरा राउंड की चौथा?’ असा वाद निघाला की कोणी, कधी, काय मागितलं ते तिथेच दिसतं.

खरी गोची लिंकची आहे. ती जिवंत असते. तुम्ही रात्री त्याच फाइलमध्ये काही मोडतोड करत असाल, तर ती क्लायंटलाही दिसते. शिवाय लिंक एका फ्रेमची (डिझाइनच्या एका चौकटीची) असली तरी फाइलमधली बाकीची पानंही उघडता येतात, म्हणजे बाद केलेले लोगोसुद्धा. त्याहून वाईट म्हणजे पाहणाऱ्याला एरवी कॉपी आणि एक्सपोर्टही करता येतं. ते बंद करण्याची सोय पैसे भरणाऱ्यांनाच. म्हणजे अंतिम हप्ता येण्याआधीच मूळ व्हेक्टर (कितीही मोठं करता येणारं, बदलता येणारं चित्र) समोरच्याच्या हातात! उपाय असा: कामाची फाइल वेगळी, दाखवायची वेगळी. फ्रेम १एक्स (मूळ मापाची) पीएनजी म्हणून एक्सपोर्ट करा, वॉटरमार्क टाका आणि तेवढंच चित्र दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. पिना त्यावरही टोचता येतात.

मंजुरीचं बटण मात्र नाही. ‘हे अंतिम’ असं क्लायंटकडूनच कॉमेंटमध्ये लिहून घ्या आणि त्याच दिवशी मंजूर डिझाइनची पीडीएफ मेलवर पाठवा. फुकट प्लॅनमध्ये व्हर्जन हिस्टरी (फाइलच्या जुन्या आवृत्त्या) ३० दिवसांचीच मिळते. त्याहून जुनं व्हर्जन उकरून काढता येत नाही.

छपाईच्या कामात तर फिग्मा थेट नापास. सगळं आरजीबीत (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) चालतं, पीडीएफही आरजीबीतच निघते. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) गेला की मलूल होतो आणि क्लायंट दोष डिझायनरला देतो. ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) नाही, क्रॉप मार्क (कुठे कापायचं त्या खुणा) नाहीत, मापं पिक्सेलमध्ये. ए५साठी साधारण ४२० बाय ५९५ पिक्सेलची फ्रेम घेऊन मांडणी मंजूर करून घेता येते, पण चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड देऊन छापायची फाइल छपाईसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इनडिझाइन किंवा अ‍ॅफिनिटीतच बांधावी लागते. हे दुहेरी काम कोटेशनमध्ये धरा.